नव्व्याण्णव खुणांचं गाव

जुलैमधली ती तशी नेहमीचीच सकाळ. रात्रभर पाऊस कोसळलेला, लाइट गेलेली, आणि हेंद्रेपाड्यातली निम्मी माणसं बाल्कनीत उभी राहून खाली लावलेल्या आपापल्या गाड्यांकडे बघत होती. बदलापूर पश्चिमेला पावसाळ्यात माणूस उठल्यावर आधी गाडी बघतो, मग चहा. सोसायटीच्या ग्रुपवर उल्हास नदीवरच्या बॅरेजच्या पाण्याचे आकडे येत होते, कुणी नदीचे फोटो टाकत होतं, कुणी दूधवाला येणार का म्हणून विचारत होतं. त्यातच सव्वासातला एक लिंक येऊन पडली.

सुरुवात बरी होती. एक छोटं रोमन नाव, मग तिरपी रेघ. रेघेनंतर मात्र जे सुरू झालं ते संपता संपेना. टक्क्याची खूण, इंग्रजी ई, शून्य, पुन्हा टक्का, ए, चार, पुन्हा टक्का. मोबाइलच्या पडद्यावर चांगल्या तीन-चार ओळी भरल्या. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच लिहिलं, "कुणी उघडू नका, हॅकिंगचं आहे." दोघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. ज्यानं लिंक टाकली होती तो बिचारा घाबरला आणि त्यानं ती पुसून टाकली.

तोवर मी ती वीजबिलाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं उतरवून घेतली होती. जन्म प्रूफं वाचण्यात गेला. मुंबईतल्या छापखान्यात तीस वर्षं मुद्रितशोधन केलं आणि जाता-येता लोकलमध्येही गॅल्या तपासल्या. समोर अक्षरांची रांग आली आणि ती वाचता आली नाही, की मला जेवण जात नाही. कागदावर उतरली ती अशी. रोमन अक्षरं इथे नागरीत लिहितोय, तेव्हा 'बी' किंवा 'डी' हे मुळातलं एकेकच अक्षर धरायचं:

%ई०%ए४%बी९%ई०%ए५%८७%ई०%ए४%८२%ई०%ए४%ए६%ई०%ए५%८डी%ई०%ए४%बी०%ई०%ए५%८७%ई०%ए४%एए%ई०%ए४%बीई%ई०%ए४%ए१%ई०%ए४%बीई

लाइट यायची लक्षणं नव्हती, म्हणून मोजत बसलो. एकूण नव्व्याण्णव खुणा. त्यात टक्के तेहतीस, म्हणजे दोन टक्क्यांनी नापास. 'ई०' अकरा वेळा, आणि तेही अगदी ठरावीक अंतरानं, दर तिसऱ्या जागी. प्रूफ वाचणारा माणूस अर्थाआधी आकार बघतो. आकार सांगत होता की हे अकरा तुकडे आहेत, प्रत्येक तुकडा तीन भागांचा, आणि प्रत्येकाची सुरुवात सारखी. दुसरा तुकडा आणि सातवा तुकडा हुबेहूब एक. नववा आणि अकरावा एक. हे कुलूप तोडायला बसलेल्या चोराचं काम वाटत नव्हतं. चोर इतकी शिस्त पाळत नाही.

समोरच्या ब्लॉकमधली मुलगी आयटी शिकते. पाणी भरायला जिन्यात आली तेव्हा तिला बिल दाखवलं. तिनं पहिले तीन भाग पाहिले आणि हसली. "काका, हे मराठी आहे."

"कशावरून?"

"ई-शून्य ए-चार दिसलं की देवनागरी. नुसतं बघून कळतं."

मला त्या नुसतं बघून कळण्याचा हेवा वाटला. तीस वर्षांत मी लाखो अक्षरं तपासली असतील. आणि माझीच लिपी समोर टक्क्यांचा बुरखा घालून उभी होती, तर मला ओळखू आली नाही.

*

नंतर तिनं मला एक तक्ता काढून दिला आणि दुपारभर आम्ही दोघं ती रांग सोडवत बसलो. ती शिकवायची ते माझ्या डोक्यात माझ्या भाषेत बसायचं, म्हणून इथे माझ्याच भाषेत सांगतो.

जगातल्या सगळ्या लिप्यांची एक मोठी वसाहत आहे, तिचं नाव युनिकोड. ऑक्टोबर १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून देवनागरीला तिथे १२८ खोल्या मिळालेल्या आहेत. या खोल्या दोन विंगमध्ये आहेत. आपल्या रांगेत मधल्या भागात जे 'ए४' किंवा 'ए५' येतं, ती विंग. प्रत्येक विंगमध्ये ६४ खोल्या, आणि मोजणी शून्यापासून. तुकड्याचा तिसरा भाग म्हणजे खोलीचा नंबर. सुरुवातीचं 'ई०' म्हणजे गाडीचं इंजिन: माझ्यामागे दोन डबे आहेत, तिन्ही मिळून एक अक्षर समजा, एवढीच त्याची शिट्टी.

खोलीचा नंबर वाचायचा तर सोळाच्या हिशेबात वाचावा लागतो. शून्य ते नऊ संपले की दहाला ए, अकराला बी, असं पंधराच्या एफपर्यंत. मुलीला वाटलं म्हातारा इथे अडकणार. पण आमच्या घरात सोळाचा हिशेब पिढीजात. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्यानंतर जन्मलो तरी वडिलांचं तोंडी गणित शेवटपर्यंत आण्यांतच चालायचं. तेव्हा बी९ म्हणजे अकरा रुपये नऊ आणे. मागच्या प्रत्येक डब्यावर 'मी इंजिन नाही, डबा आहे' अशी ओळख म्हणून आठ रुपये आधीच चढवलेले असतात. ते उतरवायचे. उरले तीन रुपये नऊ आणे. सोळा त्रिक अठ्ठेचाळ आणि नऊ, सत्तावन्न. पहिल्या विंगमधली सत्तावन्न नंबरची खोली. तक्त्यात बोट ठेवलं. तिथे ह राहतो.

मग गाडी सुरू झाली. दुसरा तुकडा ए५ विंगमधला, आठ रुपये सात आणे. आठ उतरवले, उरले सात. दुसऱ्या विंगेत सातव्या खोलीत मात्रा राहते, आठव्यात दोन मात्रा, अकराव्यात काना-मात्रा, बाराव्यात काना आणि दोन मात्रा. हे शेजारी शाळेतल्या बाराखडीच्या क्रमानंच राहतात, हे बघून बरं वाटलं. तिसरा तुकडा पुन्हा पहिल्या विंगमधला, खोली दोन, अनुस्वार. कागदावर 'हें' उमटलं. पुढे अडतिसावी खोली, द. मग दुसऱ्या विंगची तेरावी खोली, जिथे अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह राहतं. मग र, अठ्ठेचाळीस. मग पुन्हा तीच सातव्या खोलीतली मात्रा. 'हेंद्रे'.

मुलगी थांबली. मीही थांबलो. पुढचे चार तुकडे सोडवायची खरं तर गरजच नव्हती, पण अर्धवट प्रूफ परत करायची सवय नाही. बेचाळीस, प. बासष्ट, काना. तेहतीस, ड. बासष्ट, पुन्हा काना.

ज्या रांगेला घाबरून आमच्या अख्ख्या बिल्डिंगनं फोन उलटे करून ठेवले, ती आमच्याच पाड्याचं नाव सांगत होती. कुठल्याशा बातमीच्या पत्त्याचं शेपूट होतं ते, पाण्याबद्दलच्या.

*

चार अक्षरं. हें, द्रे, पा, डा. छापखान्यात खिळेजुळारी ती चार-सहा खिळ्यांत उभी करायचा. तीच युनिकोडमध्ये अकरा खुणा होतात, साठवताना तेहतीस बाइट आणि पत्त्यात लिहिताना नव्व्याण्णव. हाच पाडा मोडीत लिहिला तर आणखी लांबेल. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण ती इतकी लांब की तिथे जायला इंजिनामागे तीन डबे लागतात. अकरा चोक चव्वेचाळीस, आणि टक्क्यांसकट एकशे बत्तीस खुणा. मोडी म्हणे झरझर लिहिण्यासाठी होती!

हा पसारा का? कारण इंटरनेटवरच्या पत्त्यांचा नियम जुना आहे: रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं एवढ्यांनाच आत सोडायचं. बाकी कुणाला यायचं असेल तर त्यानं प्रत्येक बाइटमागे टक्क्याची खूण लावून, आकड्यांच्या वेषात यायचं. हा नियम ज्या तक्त्यावर उभा आहे तो १९६३ मधला, अमेरिकी, त्याचं नाव आस्की. त्यातही जागा १२८ च. पुढे जगातल्या सगळ्या लिप्या एकाच रुळावर चालवायची वेळ आली तेव्हा सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर, ही इंजिन-डब्यांची योजना आखली. तिला युटीएफ-८ म्हणतात. तिची खुबी अशी, की जुन्या रोमन मजकुराला धक्का लागत नाही. इंग्रजी अक्षराला एक बाइट, आपल्याला तीन. जेवता जेवता काढलेल्या योजनेबद्दल तक्रार करू नये. ती नसती तर आज ग्रुपवर मराठीत भांडताही आलं नसतं.

जादा भाड्याची झळ मात्र आपण फार वर्षं सोसली. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी मजकुराला १६० अक्षरं मिळत आणि मराठीला ७०. सत्तरात मराठी माणसाचं 'नमस्कार, सगळे बरे ना' एवढंच होतं. रोमनमध्ये मराठी लिहायची जी सवय एका पिढीला लागली, तिच्यामागे आळस असेल, फॅशन असेल, पण पैसेही होते.

तक्ता बघताना एक गोष्ट दिसली आणि मी मनातल्या मनात हसलो. पहिली विंग जिथे संपते तिथली शेवटची, त्रेसष्ट नंबरची खोली ऱ्हस्व वेलांटीची. आणि दुसरी विंग सुरू होते ती शून्य नंबरची खोली दीर्घ वेलांटीची. आयुष्यभर ज्या दोघींना मी लाल शाईनं एकमेकींच्या जागेवरून हुसकलं, त्या शेजारणी. पण मध्ये जिना.

आणि र. अठ्ठेचाळीस नंबरला साधा र, एकोणपन्नासला नुक्तेवाला ऱ. 'दऱ्या' मधला तो पापणीसारखा अर्धा र इथूनच निघतो. साध्या र चा पाय मोडून य जोडला की 'दर्या', म्हणजे समुद्र. एकोणपन्नासवाल्याचा मोडला की 'दऱ्या', डोंगरातल्या. मराठीला हा फरक लागतोच. पण गंमत पुढे आहे. तोच पापणीचा र साध्या र ला पायमोड आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह लावूनही काढता येतो. दोन्ही शब्द पडद्यावर एकसारखे दिसतात, माझ्यासारखा भिंगवालाही फरक सांगू शकणार नाही, पण आतल्या रांगा वेगळ्या. एक शोधायला जावं तर दुसरा सापडेलच असं नाही. मुद्रितशोधकाला इतकी वर्षं डोळ्यांवर भरवसा ठेवायची सवय. आता छापलेल्या ओळीच्या मागे आणखी एक ओळ असते आणि चूक तिथे लपते.

*

गावातला माझा जुना डीटीपीवाला स्टेशनजवळ बसतो. लग्नपत्रिका, भाडेकरार, एखाद्या दिवाळी अंकाची पानं, सगळं त्याच्याकडे. मी त्याला टक्क्यांची गोष्ट सांगितली तर त्यानं खालच्या खणातून फ्लॉपीचा डबा काढला. "काका, तुमची ती टक्केवाली रांग सुटते तरी. ह्यांचं काय करू?"

ह्या फ्लॉप्यांमध्ये त्याची आधीची सगळी कमाई आहे. युनिकोड घरोघरी पोचण्याआधीची ती वर्षं. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, सीडॅकचे सुरेख-योगेश. प्रत्येक दुकानाचा फॉन्ट वेगळा, प्रत्येक वर्तमानपत्राचा वेगळा. या फॉन्टांची युक्ती साधी होती. संगणकाला सांगायचं की हे रोमन ई आहे, आणि त्या ई च्या अंगावर म चं चित्र चढवायचं. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलं तर आत साठतं ते असं: ई, जे, के, मोठा बी, एच. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. जुन्या टाइपरायटरवर ती बटणं जिथे होती तिथलीच ही सोंगं. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळतो आणि खाली 'ईजेकेबीएच' उघडं पडतं.

म्हणून त्या काळी लेख पाठवला की संपादकाचा पहिला फोन एकच असायचा: "मजकूर मिळाला, फॉन्ट पाठवा." माझा एक लेख असाच मुखवट्याविना एका अंकाच्या कचेरीत गेला आणि तीन आठवडे तिथल्या पोरांना वाटत राहिलं की हा गृहस्थ इंग्रजीत काहीतरी बरळलाय.

सरकारी पातळीवर शहाणपण आधीच झालं होतं, हेही सांगायला हवं. भारतीय लिप्यांचा एक समान तक्ता, इस्की, १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून जाहीर झाला. त्यामागे आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढलेलं जिस्ट या लिपितंत्राचं काम होतं, आणि त्यात मोहन तांबे हे नाव महत्त्वाचं. युनिकोडनं आपल्या लिप्यांची मांडणी केली ती याच तक्त्याच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून. म्हणजे ह ला सत्तावन्न नंबरची खोली मिळाली, तिच्या मुळाशी आपल्याच माणसांनी आखलेला नकाशा आहे. दुकानदारांनी मात्र आपापले नकाशे वापरले, कारण छपाईला सुंदर अक्षर लागत होतं आणि ते त्यांच्याकडे होतं. त्यांना दोष देववत नाही. पुढे विंडोजबरोबर 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट घरोघरी आला, कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनी रेखलेला, आणि मग हळूहळू मुखवट्यांची गरज संपली. ॲपलमधला 'ॲ' मात्र २००८ पर्यंत खोलीविना होता. त्या वर्षी त्याला दुसऱ्या विंगेत पन्नासावी खोली मिळाली.

डीटीपीवाल्यानं मला आणखी एक खेळ करून दाखवला. माझी हेंद्रेपाड्याची रांग त्यानं मुद्दाम चुकीच्या, युरोपी तक्त्यातून उघडली. जपानी लोक या प्रकाराला मोजिबाके म्हणतात, अक्षरांचं रूप पालटणं. पडद्यावर आलं ते असं: प्रत्येक अक्षराच्या आधी डोक्यावर तिरकी काडी घेतलेला ए. पहिल्या विंगेतल्या सगळ्यांच्या गळ्यात परकी नाण्याची खूण, दुसऱ्या विंगेतल्या सगळ्यांच्या गळ्यात जपानी येन. ह चा झाला शेंडीएवढा छोटा एक. र चं झालं तापमानाचं अंशाचं वर्तुळ. आणि काना? काना झाला पाऊण. तीन भागिले चार, अगदी तसाच छापलेला. पाडा मधले दोन काने, दोन पाऊण. "दीड झाले की काका," डीटीपीवाला म्हणाला. आमच्या पाड्याचं एवढं अचूक मोजमाप महसूल खात्यानंही केलं नसेल.

*

घरी येताना स्टेशनवर उभा होतो. इंडिकेटरवर बीएल लागलं होतं. बदलापूरची गाडी. पाहुणा असेल तर तो गाडीचं नाव शोधत राहतो, आम्ही नुसतं बीएल बघतो आणि पळतो. ए लागलं तर अंबरनाथ, पुढे येणार नाही. एस लागलं तर कर्जत, आणि एन लागलं तर कसारा. कर्जतला एस का, असं मी उमेदवारीच्या दिवसांत एका तिकीट तपासनिसाला विचारलं होतं. कल्याणच्या पुढे दक्षिण-पूर्वेला जाणारी ती एस, उत्तर-पूर्वेला जाणारी ती एन, एवढाच अर्थ. रोज लाखभर माणसं ही अक्षरं वाचतात, आणि कुणालाही ती गूढ वाटत नाहीत, कारण चुकलं तर कसाऱ्याला जावं लागतं.

आमच्या गावावर अशा खुणा कमी नाहीत. घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. ४२१५०३ हा पिनकोड घ्या. पहिला चार म्हणजे देशाचा पश्चिम विभाग, पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटपाचं कार्यालय. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, संस्कृतात काव्य आणि नाटकं लिहिणारे गृहस्थ. सहा आकड्यांत देश बसवणं हे मला तरी छंदात ओळ बसवण्याच्या जातीचंच काम वाटतं. आणि पावसाळ्यात ग्रुपवर नुसतं '१६.८०' येतं. परक्याला हा भाजीचा भाव वाटेल. इथे सगळ्यांना ठाऊक असतं की उल्हास नदीची बदलापूरची इशारा पातळी १६.५० मीटर आहे, धोक्याची १७.५०, आणि आता गाडी उंचावर नेऊन लावायची. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला, किंवा २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिलेली ज्यांनी पाहिली, त्यांना दशांशचिन्हापुढचे दोन आकडे फार मोठे दिसतात.

रांग चुकीची वाचली तर काय होतं याचा जुना दाखला एकच स्टेशन अलीकडे आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख. त्यातल्या शकाचा आकडा पहिल्या वाचनात ७८२ ठरला होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो ९८२ वाचला, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. एक आकडा, सात की नऊ, आणि देऊळ दोनशे वर्षं अलीकडे आलं. दगडावरचा तो आकडा वाचणारा माणूस किती दिवस त्याच्यासमोर बसला असेल, असं त्या देवळात गेलो की मला वाटतं. आरतीकडे लक्ष राहत नाही.

*

त्या पावसाळी सकाळी घाबरलेल्या काकूंची बाजूही सांगायला हवी. त्यांचं घाबरणं अनाठायी नव्हतं. वर्षभरापूर्वी त्यांना एक संदेश आला होता, वीजकंपनीच्या नावानं. बिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा. सगळं स्वच्छ, वाचता येणारं, एकही टक्का नाही, एकही विचित्र खूण नाही. त्यांनी फोन केला. पलीकडच्यानं गोड बोलून एक ॲप उतरवायला लावलं. मुलगा वेळेवर घरी आला म्हणून थोडक्यात निभावलं. तेव्हापासून त्यांना न कळणारं सगळंच हॅकिंगचं वाटतं.

मला या सगळ्या प्रकरणात हेच खटकतं. आम्ही घाबरलो ते आपल्या गावाच्या नावाला, आणि विश्वास टाकला तो स्वच्छ वाचता येणाऱ्या फसवणुकीवर. लिंक कुणाच्या घरी नेणार ते पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधीच ठरलेलं असतं. तो भाग, तोही उजवीकडून डावीकडे, सावकाश वाचायचा. बँकेच्या नावात ओ च्या जागी शून्य आहे का, खरं नाव डावीकडे दाखवायला ठेवून उजवीकडे भलतंच बिऱ्हाड आहे का. शेपटात टक्के आहेत म्हणून पत्ता चोराचा होत नाही, आणि नाहीत म्हणून साधूचाही होत नाही. काकूंना आलेला तो संदेश कुणाच्या तरी दहा आकडी नंबरवरून आला होता. कंपन्यांचे खरे संदेश तसे येत नाहीत. ते अक्षरी नावानं येतात. नावाआधीच्या दोन अक्षरांत पहिलं मोबाइल कंपनीचं, दुसरं सेवाक्षेत्राचं, आणि २०२५ पासून नावामागे आणखी एक अक्षर: पी असेल तर जाहिरात, एस असेल तर सेवा, टी असेल तर व्यवहार, जी असेल तर सरकार. काकूंना मी हे बिलाच्या मागेच लिहून दिलं. त्यांनी ते फ्रिजवर चिकटवलंय, देवीच्या फोटोशेजारी.

नागरीतले पत्ते आता सरळसुद्धा मिळतात. २७ ऑगस्ट २०१४ ला '.भारत' सुरू झालं, मराठीसह आठ भाषांसाठी. पण आत डोकावलं तर तिथेही सोंग आहेच: एक्स, एन, दोन आडव्या रेघा, आणि मग एच२बीआरजे९सी. पुढे एक्सएन आणि दोन रेघा दिसल्या की समजायचं, मागे रोमनबाहेरची कुठलीतरी लिपी बसलीय. ती आपली नागरी असेल किंवा रोमनसारखीच दिसणारी रशियन असेल, आणि रशियन ए आपल्या डोळ्यांना अगदी इंग्रजी ए वाटतो. तेव्हा उघडण्याआधी कोण आहे ते विचारायचं, जसं आपण सेफ्टी डोअरच्या आतून विचारतो.

एवढं झाल्यावर मी ग्रुपवर लिहिलं की परवाची ती लिंक हेंद्रेपाड्याचीच होती. कुणी अंगठा दाखवला, कुणी विचारलं मग पाणी किती होतं. काकूंनी लिहिलं, "तरी पण उघडायची नाही." बरोबरच आहे.

समोरच्या मुलीला मात्र नाद लागलाय, आणि तिच्यामुळे मलाही. परीक्षा आटोपली तेव्हापासून ती मला रांगा पाठवते आणि मी बिलांच्या मागे सोडवतो. वीजबिल, पाणीबिल, मेंटेनन्सची पावती, सगळ्यांच्या पाठी भरल्यात. तक्ता आता बघावा लागत नाही. रुपये-आणे तोंडी होतात.

काल संध्याकाळी पाऊस थांबला होता. चहा टाकत होतो, म्हणून तिला साध्या मराठीत विचारलं, येतेस का. उत्तर आलं:

%ई०%ए४%बी९%ई०%ए५%८बी

मी आणखी एक कप पाणी वाढवलं.